जानूला चार्जिंग लागत नाही

हे किस्से मी इतक्या वेळा सांगितले आहेत, की त्यातलं घडलेलं किती आणि सांगता सांगता चिकटलेलं किती, याची आता मलाच खात्री नाही. आमची ही म्हणते, मांजराचा प्रकार आधी आणि मिस्ड कॉलचा नंतर. मला उलटं आठवतं. ती शाळेत इतिहास शिकवायची, त्यामुळे सनावळीच्या बाबतीत मी तिच्याशी वाद घालत नाही. मी कॉलेजात उष्मागतिकी शिकवली, म्हणजे उष्णता कुठून कुठे जाते त्याचं शास्त्र. चौतीस वर्षं. वेळ जाईल तसा पसारा वाढतच जातो, असं ते शास्त्र सांगतं. माझ्या आठवणी त्याला अपवाद असतील असं वाटत नाही.

एक मात्र नक्की. फार शिकलेली माणसं जिथे धंदा करायला बसतात, तिथे किस्से शोधावे लागत नाहीत. ते ओल्या गवतासारखे एकावर एक साठतात आणि आतल्या आत गरम होत राहतात.

२०१५ साली डहाणूजवळ आशागडला एक केंद्र सुरू झालं. विद्यापीठांतल्या संशोधकांनी आपलं संशोधन कपाटात न ठेवता त्यातून चालणारा धंदा उभा करावा, त्यासाठी त्यांना जागा, थोडी मदत आणि भरपूर सल्ला द्यायचा, हे त्याचं काम. जागा म्हणजे बंद पडलेला फुग्यांचा कारखाना. भिंतींवर लाल-निळ्या रबराचे ओघळ अजून होते. आणि सल्ला म्हणजे मी.

नेमणुकीचं पत्र आलं तेव्हा ही म्हणाली, "तुम्ही? अहो, घरातली रद्दीसुद्धा मी विकते."

खोटं नव्हतं. मी आयुष्यात काहीही विकलेलं नाही.

*

डॉ. मेधा चुरी केंद्रात आली ती २०१६च्या जानेवारीत. माहेर चिंचणीचं, नोकरी मुंबईच्या कॉलेजात. तिची पीएचडी गवतावर.

आमच्या डहाणू-तलासरीच्या डोंगरउतारांवरचं गवत दिवाळीच्या सुमाराला कापलं जातं. ते वाणगावच्या आणि आसपासच्या वखारींत येतं, यंत्रात दाबून त्याच्या गाठी बांधतात, गाठींच्या दुमजली उंच थप्प्या लावतात आणि पुढे वर्षभर ते मुंबईच्या तबेल्यांना जातं. गवत जरा ओलं राहिलं, तर थप्पी आतून तापत जाते. कोणी काडी टाकावी लागत नाही. पंधरा-वीस दिवसांनी ती आपली आपण पेटते आणि मग वखार उरत नाही.

हे का होतं आणि किती तासांत होतं, यावर मेधाचे चार शोधनिबंध होते. ते वाचलेली माणसं जगात नऊ असतील. त्यातला एक मी. म्हणून मला भलताच आनंद झाला.

तिनं एक यंत्रही बनवलं होतं. दहा फुटांची पोलादी नळी, आत तापमान मोजणारे तीन सेन्सर, वर एक डबी. नाव सात शब्दांचं आणि इंग्रजी. वखारीतली माणसं पहिल्या दिवसापासून त्याला भाला म्हणायला लागली.

केंद्राचा व्यवस्थापक कौस्तुभ हा एमबीए झालेला, उत्साही माणूस. त्यानं पहिल्याच बैठकीत फळ्यावर लिहिलं, "तुमचा ग्राहक कोण?"

"गवत," मेधा म्हणाली.

"मॅडम, गवत पैसे देत नाही."

तिनं विचार केला. "मग म्हैस?"

कौस्तुभनं मदतीसाठी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "शास्त्रीयदृष्ट्या पाहिलं तर म्हैसच."

त्यानंतर बैठकीत मला सगळ्यांच्या शेवटी बोलायला सांगू लागले.

हसण्यावारी गेलं, पण मेधासाठी हा खेळ नव्हता. तिनं कॉलेजातून दोन वर्षांची बिनपगारी रजा घेतली होती. २०१७चा डिसेंबर संपेपर्यंत भाल्याचा धंदा उभा राहिला तर ठीक, नाहीतर परत वर्गावर आणि भाला कपाटात. तिच्या खात्याच्या प्रमुखांनी कपाट रिकामं करून ठेवलंय, असं ती सांगायची.

*

पहिली वखार धीरजभाईंची, वाणगावची. धीरजभाईंची घरची भाषा गुजराती, बाजारातली मराठी, आणि ट्रकवाल्यांशी हिंदी. मेधानं त्यांच्यासमोर लॅपटॉप उघडला आणि वीस मिनिटं आलेख दाखवले. मी मध्ये मध्ये मान डोलवत होतो. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"बेन, हे सगळं बरोबर. पण हे यंत्र आग विझवते?"

"नाही. आग लागणार असेल तर आधी सांगतं."

"ते तर जानू पण सांगते."

आणि त्यांनी हाक मारली. "जानू, जरा ये ने इकडे."

जानूभाऊ वरखंडा तिथले मुकादम. कैनाड गावचे. साठीच्या आसपासचे, काटक, बोलणं मोजकं. थप्पीत कायमच्या खुपसून ठेवलेल्या लोखंडी सळयांपैकी एक त्यांनी ओढून काढली, तोंडासमोरून फिरवून उजव्या मनगटाला लावली आणि डोळे मिटले. त्या जागेची कातडी तुकतुकीत झाली होती, घासून गुळगुळीत केल्यासारखी. वर्षानुवर्षं सळया लावून असं होत असणार, असं मला वाटलं आणि त्या मनगटाबद्दल फार आदर वाटला.

"चौथा थर," ते म्हणाले. "उजव्या अंगाला. चारेक दिवसांत काढाया लागेल."

मेधानं भाला खुपसला. चौथा थर, उजवी बाजू, एक्कावन्न अंश. बाकी सगळीकडे पस्तीस.

मी ती सळई हातात घेऊन पाहिली. मला ती नुसती सळईसारखी लागली. धीरजभाई म्हणाले, "मी पण रोज धरतो, साहेब. मला काय नाय समजत. त्याच्या मनगटात काय आहे ते देव जाणे."

मेधा हरखून गेली होती. "बघा, दोन्ही उत्तरं तंतोतंत जुळली."

"जुळली ने," धीरजभाई म्हणाले. "मग मी तुमचंवालं कशाला घेऊ? जानूला चार्जिंग लागत नाही."

आम्ही विकायला गेलो होतो यंत्र, आणि त्यांनी आम्हाला जानू विकला.

*

मग कौस्तुभनं बाजाराची पाहणी काढली. वाणगाव ते तलासरी, एकूण बारा वखारी, प्रत्येक मालकाला एकच प्रश्न: असं यंत्र मिळालं तर तुम्ही घ्याल का? बाराच्या बारा जण हो म्हणाले.

मी इतका उत्तेजित झालो की भात दोनदा वाढून घेतला. हिला सांगितलं, "शंभर टक्के! असा निकाल मला प्रयोगशाळेत कधी मिळाला नव्हता." ती म्हणाली, "म्हणूनच शंका घ्या." मी घेतली नाही. एरवी मी गॅस बंद आहे का हे तीनदा बघणारा माणूस.

आठवड्यानं कौस्तुभ कागदावर सह्या घ्यायला गेला. एकही मिळाली नाही. एकाची म्हैस आजारी, एकाचा भाऊ बडोद्याला, एकाला अमावास्या.

धीरजभाईंनी उलगडा केला. "तुम्ही प्रश्न कधी विचारला? चहा झाल्यावर?"

"हो. बसलो, चहा घेतला, मग विचारलं."

"अरे, आपला चहा पिऊन बसलेल्या माणसाला त्याच्या तोंडावर नाय कोण म्हणेल?"

कौस्तुभनं लगेच नियम केला की प्रश्न आधी, चहा नंतर. दुसऱ्या दिवशी आम्ही तलासरीला एका वखारीत गेलो. मालकांनी चहा सांगितला. कौस्तुभ म्हणाला, "चहा नको, आधी एक प्रश्न विचारतो."

मालक उठून उभे राहिले. "चहा नको? मग आलात कशाला?"

तेवढ्यावरच भेट संपली.

चहावरून आठवलं. वखारींतला चहा स्टीलच्या पेल्यात यायचा, उकळता. आम्ही सगळे पेला रुमालात धरून फुंकर मारायचो. जानूभाऊ तो मनगटावर तोलून धरायचे आणि दुसऱ्या हातानं बिडी शोधायचे. कौस्तुभ म्हणायचा, "काका, तुमचा हात आहे की चूल?" ते नुसते हसायचे.

*

पुढच्या हंगामात, म्हणजे २०१६च्या दिवाळीनंतर, धीरजभाईंनी दोन भाले फुकट लावू दिले. "जागा माझी, यंत्र तुमचं, आणि जानू म्हणेल ते फायनल," ही अट.

तिसऱ्या आठवड्यात मेधाचा मला फोन आला. "सर, दोन नंबरच्या थप्पीत कडेच्या सेन्सरवर तापमान स्थिर आहे. अडतीस पूर्णांक पाच. तीन दिवस. वर नाही, खाली नाही."

हे आजवरच्या कुठल्याच शास्त्रात बसत नव्हतं. गवत तापतं नाहीतर निवतं. ते एका आकड्यावर थांबत नाही. मी दुपारची झोप सोडून आशागड गाठलं. आम्ही दोघांनी फळा भरून समीकरणं मांडली. मला इतका आनंद निवृत्तीनंतर झाला नव्हता. जंतूंच्या दोन जातींचा तोल साधला जात असावा, असा माझा तर्क, आणि त्या अवस्थेला मी नावसुद्धा दिलं. मेधानं बंगळुरूच्या एका परिषदेला सारांश पाठवून दिला. सहलेखक म्हणून माझं नाव घातलं. मी नको नको म्हणालो, पण फार मोठ्यानं नाही.

पाचव्या दिवशी आम्ही सगळे थप्पीपाशी गेलो. मी जानूभाऊंना समजावून सांगितलं की या गवतात एक अशी गोष्ट घडते आहे जी अजून कोणी नोंदवलेली नाही.

त्यांनी थप्पीच्या कडेची एक अर्धी गाठ बाजूला सरकवली, आत वाकून पाहिलं आणि गाठ हळूच परत लावली.

"मांजर व्यालीय," ते म्हणाले. "चार पिल्लं हायेत. आवाज नका करू."

मांजराच्या अंगाचं तापमान अडतीस पूर्णांक पाच असतं. हे मी नंतर पुस्तकात पाहिलं.

परिषदेकडून पत्र आलं, की सारांश स्वीकारला आहे आणि विषय अत्यंत नवा आहे. तो मागे घेण्यासाठी काय कारण लिहावं यावर आम्ही दोन बैठका घेतल्या.

*

भाला तापमान मोजायचा ते ठीक, पण ते मालकाला कळायला हवं. मेधानं डबीत सिम कार्ड टाकलं होतं. तापमान पंचावन्नच्या वर गेलं की धीरजभाईंच्या फोनवर इंग्रजीत एसएमएस. सगळं उत्तम चालत होतं. फक्त धीरजभाई प्रत्येक इंग्रजी एसएमएस न वाचता पुसून टाकायचे.

"सगळे जाहिरातीचे असतात, बेन. कर्ज घ्या, प्लॉट घ्या."

"पण हा तुमच्या थप्पीचा होता."

"थप्पीला इंग्रजी कुठून आली?"

मराठीत केला, गुजरातीत केला. उपयोग नाही. दोन आठवडे आम्ही यावर डोकं लढवत होतो. मी रंगीत दिव्याची कल्पना मांडली, कौस्तुभनं ॲपची. जानूभाऊ शेजारी उकिडवे बसून ऐकत होते. शेवटी म्हणाले, "मिस कॉल द्यायला सांगा त्याला. मिस कॉल कोण सोडत नाय."

मेधानं एका दिवसात ते जमवलं. थप्पी तापली की धीरजभाईंना एक मिस्ड कॉल. आकडे नाहीत, भाषा नाही. मला ही कल्पना इतकी आवडली की मी वाटेत भेटेल त्याला सांगत सुटलो.

चार दिवसांनी सकाळी धीरजभाईंचा कौस्तुभला फोन. आवाज चढलेला.

"अरे, तुमची थप्पी मला मिस्ड कॉल देते."

"वा! म्हणजे चाललं ना, धीरजभाई."

"काय चाललं? मी अकरा वेळा परत फोन लावला. उचलत नाय!"

*

२०१७च्या जुलैत मुंबईहून निवड समिती आली. पुढची मदत कोणाला द्यायची ते ठरवणारी तीन माणसं. मेधा छान बोलली. घाबरलो होतो मीच. माझे तळवे इतके घामेजले की हातातल्या कागदावरची शाई पसरली.

समितीतल्या एकानं विचारलं, "बाजारात तुमचा स्पर्धक कोण?"

मेधाला खोटं बोलता येत नाही. "जानूकाका."

त्यांनी नाव लिहून घेतलं. "त्यांना फंडिंग कोणाचं आहे?"

मी घाईनं म्हणालो, "कैनाडला दोन एकर भात आहे त्यांचं."

समितीनं आपापसात इंग्रजीत बरीच चर्चा केली. मग निर्णय सांगितला. डिसेंबरअखेरपर्यंत पैसे देणारे तीन ग्राहक लेखी आणा. नाहीतर केंद्राचा पाठिंबा संपला.

मेधाची रजाही त्याच दिवशी संपत होती.

त्या संध्याकाळी मी तिला एक पत्र लिहिलं. तोंडानं सांगण्याचं धैर्य नव्हतं. आपण शिक्षक माणसं आहोत, शिकवण्यातही समाधान आहे, राजीनाम्याचा विचार करू नये, असं दोन पानं. सावध, विचारपूर्वक, मुद्देसूद. आज ते वाचवत नाही.

*

डिसेंबरच्या सुरुवातीला अवेळी पाऊस झाला. वखारींत नुकतंच आलेलं गवत भिजलं. धीरजभाईंनी शक्य तितकं वाळवलं आणि गाठी बांधून नेहमीपेक्षा मोठी थप्पी लावली, कारण मुंबईची मागणी थांबत नव्हती. आमच्याकडे तोवर एकही सही नव्हती.

नाताळच्या दोन दिवस आधी मिस्ड कॉल आला. या वेळी धीरजभाईंनी परत फोन लावला नाही, मेधाला बोलावलं. आम्ही तिघंही गेलो. भाल्यावर एकसष्ट अंश होते, थप्पीच्या पार मधोमध, आणि दर तासाला आकडा सरकत होता.

धीरजभाईंनी स्वतः सळई ओढून काढली आणि मुठीत धरली. "कोमट पण नाय. बघा."

मी धरली. खरंच कोमटसुद्धा नव्हती.

"सळई पाच फुटांची आहे," मेधा म्हणाली. "थप्पी या वेळी मोठी आहे. सळई मध्यापर्यंत पोचत नाही. भाला पोचतो."

"बेन, ही थप्पी फोडायची तर वीस माणसं आणि दीड दिवस. तीन ट्रक उद्या भरायचे आहेत. आत काय नाय निघालं तर?"

काही नाही निघालं, तर वाणगाव ते तलासरी एकही माणूस तिला दारात उभं करणार नव्हता, हे आम्हा सगळ्यांना कळत होतं.

"जानू," धीरजभाई म्हणाले. "तू सांग."

जानूभाऊंना त्या पावसापासून जबर सर्दी झाली होती. डोक्याला मफलर, नाक लाल, आवाज बसलेला. त्यांनी सळई घेतली, तोंडासमोरून फिरवली, मनगटाला लावली. डोळे मिटले. आम्ही थांबलो. नेहमी पाच-सहा श्वासांत उत्तर यायचं. या वेळी आलंच नाही. त्यांनी दुसरी सळई काढली. मग तिसरी. नाक शिंकरलं, पुन्हा पहिली घेतली. इतक्या वर्षांत माणसांनी त्यांना असं कधी पाहिलं नव्हतं. काम करणाऱ्या बाया हात थांबवून उभ्या राहिल्या.

"बोल ने, जानू."

त्यांनी सळई खाली ठेवली आणि मेधाकडे वळले.

"ताई, तुमचा भाला खोटं बोलतो का कधी?"

मांजर सगळ्यांना आठवत होतं.

मेधा म्हणाली, "मांजराच्या वेळी खोटं आम्ही बोललो, काका. सर आणि मी. भाल्यानं अडतीस पूर्णांक पाच सांगितलं, आणि तिथं अडतीस पूर्णांक पाचच होतं."

जानूभाऊंनी मफलर घट्ट आवळला. मग म्हणाले, "शेठ, काढा."

"सळई थंड आहे, जानू."

"काढा म्हणतो ना."

त्यांनी स्वतःच शिडी लावली, आणि ते चढले म्हणून बाकीची माणसं चढली. दुपारपर्यंत वरचे थर उतरले. स्वच्छ, पिवळं, सुंदर गवत. धीरजभाई खुर्ची टाकून बसले होते आणि घड्याळ बघत होते. कौस्तुभ फाटकापाशी येरझारा घालत होता. मी माझ्या पत्रातल्या मुद्द्यांची मनात उजळणी करत होतो, कारण आता ते मोठ्यानं बोलावे लागणार होते.

चारच्या सुमारास वरून कोणीतरी ओरडलं, "पाणी आणा!"

मधल्या गाठी काळ्या पडल्या होत्या. एक उचलली तर हातात तिचा चुरा झाला. खालून वाफ आली, आणि वाफेमागून धूर. बादल्या तयार होत्या, माणसं तयार होती. अर्ध्या तासात सगळं विझलं. एका रात्रीचा उशीर झाला असता तर शेजारच्या दोन वखारीही गेल्या असत्या.

धीरजभाईंनी त्या काळ्या गवताची एक मूठ उचलून पाहिली. मग कौस्तुभला म्हणाले, "कागद आण तुझा. पण एक अट. भाल्याबरोबर जानू पण पाहिजे."

"जानूकाका तुमच्याकडेच आहेत की."

"माझ्याकडे आहे. दुसऱ्याकडे कुठे आहे? भाला सांगेल थप्पी तापली. पण थप्पी फोडणार कोण? जानू चढला म्हणून माणसं चढली ने? भाला घेऊन जानूला सगळ्या वखारींत फिरव. माझ्याकडून महिन्याचे मी देतो."

दोन वर्षं आम्ही यंत्र विकत होतो. विकायला हवी होती ती तपासणी. हे माझ्या एकाही सल्ल्यात नव्हतं. उलट, माणसं पाठवायचा धंदा वाढत नाही, असं मी फळ्यावर लिहून दिलं होतं.

तलासरीच्या त्या मालकांना धीरजभाईंनी स्वतः फोन केला. तीस डिसेंबरला त्यांची सही झाली. तिसरी सही झाली एकतीसच्या दुपारी, तीन पेले चहा झाल्यावर. मेधानं संध्याकाळी कॉलेजला राजीनामा धाडला. कंपनीचे पहिले नोकर जानूभाऊ, हुद्दा मुख्य तपासनीस. आणि माझं ते दोन पानी पत्र मेधानं फ्रेम करून ऑफिसात लावलं आहे. नवीन संशोधक आला की ती त्याला आधी ते वाचायला देते.

*

२०१९ साली जानूभाऊंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं. अकरा वखारींची थप्पी न थप्पी ओळखणारा माणूस, पण फॉर्म बघून घाबरला. म्हणून सोबत मी गेलो. त्यांच्या सुनेनं घरातले सगळे जुने कागद रेशनकार्डासकट एका पिशवीत घालून दिले होते.

सिस्टरनं डोळ्यांत थेंब घालून त्यांना डोळे मिटून बसायला सांगितलं आणि मला म्हणाली, "जुने केसपेपर असतील तर काढा, आजोबा."

मी काढले. एक पिवळा पडलेला कागद तिनं वाचला, मग त्यांच्या उजव्या मनगटाकडे पाहिलं, आणि कागद माझ्यापुढे धरला. वखारीच्या आगीत हात भाजला. जखम भरली. मनगटाला गरम-थंड कळत नाही, कळण्याची शक्यता नाही. साल २०१२. आमचं केंद्र सुरू होण्याच्या तीन वर्षं आधीचं. मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. सिस्टरला साल मोठ्यानं वाचायला लावलं. तिनंही तेच वाचलं.

"आता सुधारलं असेल का?" मी हळूच विचारलं.

"बघू की," ती म्हणाली. "काका, डोळे उघडू नका. उजव्या मनगटाला स्पिरिट लावते. गार लागलं की सांगा."

तिनं बाटलीचं झाकण काढलं आणि कापूस बुडवला. स्पिरिटचा वास सुटला.

जानूभाऊंनी डोळे घट्ट मिटले होते. त्यांच्या नाकपुड्या किंचित हलल्या.

"लागलं," ते म्हणाले. "चांगलं गार लागलं."

कापूस अजून सिस्टरच्या हातात होता.